अक्कांचं जाकीट: सगळी मापं घेऊनही न बसणाऱ्या अंगाचा फर्मा कसा काढायचा?

सोलापुरी_कात्री | ११ एप्रिल, रात्री १०:१८

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

मी सोलापुरात युनिफॉर्मच्या एका कारखान्यात कटिंगला आहे, ११ वर्षं झाली. आमच्याकडं फर्मा (कापड बेतायचा नमुना) म्हणजे पुठ्ठा. मधल्या एका साइजचा पुठ्ठा नीट बसवायचा आणि त्यावरून वरच्या-खालच्या साइजा काढायच्या. छाती २ इंचांनी वाढते, शोल्डर अर्ध्या इंचानं, बाकीचं ठरलेल्या तक्त्याप्रमाणं. पोरगं किडकिडीत असो की गोलमटोल, शाळेचा शर्ट अंगावर चढतोच, कारण तो ढगळ असतो. ढगळ कपडा सगळ्या चुका पोटात घालतो.

आता माझी अडचण. शेजारी अक्का राहतात, वय ६२. चाळीसेक वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, मान खाली, उजवा हात सतत पुढं. त्यामुळं पाठीला बाक आलाय आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला पाऊण इंच खाली. वैशाखात नातीचं लग्न आहे. अक्का म्हणतात, "जल्मात एक तरी जाकीट अंगाला बसलेलं घालू दे गं." (ब्लाऊजला त्या जाकीटच म्हणतात, घरची भाषा तेलुगू.) आजवर जिथं जिथं शिवलं तिथलं एकच रडगाणं: मागून ब्लाऊज वर चढतो, पुढं गळ्याखाली कापडाचा झोळ, उजवीकडची बाही खांद्यावरून घसरते. टेलर बदलले, झोळ तसाच.

मी ३८ छातीचा नेहमीचा फोर टक्सचा ब्लाऊज (टक म्हणजे आकार यावा म्हणून दुमडून शिवलेली पाचर) कापून बघितला. तोच झोळ.

मग व्हिडिओ बघून अंगावरूनच साचा काढायचा घाट घातला. जुन्या गंजीवर जेवण गुंडाळायची पारदर्शक फिल्म, तिच्यावर ब्राऊन चिकटपट्टी, वर मार्करनं रेघा, मग मागून कात्रीनं कापून सोडवायचं आणि तुकडे सपाट करायचे. दुपारी ३ वाजता केलं, हा पहिला गाढवपणा. आपल्याकडं एप्रिलची दुपार म्हणजे काय ते सांगायला नको. अक्का घामानं निथळल्या, डोळ्यापुढं अंधारी आली म्हणाल्या. घाईघाईनं कापलं. साचा मिळाला, पण त्याची छाती भरली साडेछत्तीस! आणि सपाट करायला गेले तर तुकडे काही केल्या सपाट होईनात. खाचा मारत गेले आणि १४ तुकडे झाले. १४ तुकड्यांचा ब्लाऊज कोण शिवणार?

प्रश्न असे: साचा दीड इंच लहान का आला? तुकडे कमी कसे करायचे? आणि हे सगळं वेड्यासारखं करतेय का, साध्या मापांनी जमलं असतं?

---

सरळमार्गी | ११ एप्रिल, रात्री १०:४१

रेडिमेड स्ट्रेच ब्लाऊज मिळतात हो. कुठल्याही अंगाला बसतात. विषय संपला. (हलके घ्या)

---

मेथीची भाजी | ११ एप्रिल, रात्री ११:०५

विषय संपवू नका, मला वाचायचंय! माझा बाक नाही, पण मागचा गळा खोल घेतला की खांदा उतरतोच. वर्षानुवर्षं सेफ्टी पिनवर संसार चाललाय.

---

जुना मास्तर | १२ एप्रिल, सकाळी ६:३०

ताई, वेड्यासारखं नाही, पण उलट्या टोकानं सुरुवात केलीत. ४० वर्षं लेडीज टेलरिंग केलं, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून दुकान मुलाकडं.

३८ छाती म्हणजे काय? टेप फिरवला, आकडा आला. चौकोनी टाकीचा आणि गोल पिंपाचा घेरसुद्धा एक भरू शकतो. त्या ३८ मधले पुढं किती आणि मागं किती, हे मोजलंत का? नेहमीच्या फर्म्यात पुढचा भाग मागच्यापेक्षा इंचभर मोठा धरतात. बाक आलेल्या बाईचं बरोबर उलटं असतं. तुमच्या अक्कांना मागं कापड कमी पडतंय आणि पुढं जास्त झालंय. मागचं कापड ओढ घेतं म्हणून ब्लाऊज वर चढतो, पुढचं उरतं म्हणून झोळ. दुखणं दोन नाहीत, एकच आहे.

असं करा. कमरेला एक नाडा बांधा, जमिनीला समांतर. बगलेखाली, जिथं बाजूची शिवण यायला हवी तिथं खडूनं उभी रेघ. आता:

मान आणि खांदा मिळतो तिथून छातीवरून नाड्यापर्यंत पुढचं माप. तिथूनच पाठीच्या बाकावरून नाड्यापर्यंत मागचं. बाजूच्या रेघेपासून रेघेपर्यंत छाती पुढून वेगळी, मागून वेगळी. खांद्याच्या टोकापासून नाड्याच्या मध्यापर्यंत तिरपं माप, उजवं वेगळं, डावं वेगळं. हे तिरपं माप फार कमी लोक घेतात. खांदा किती उतरलाय ते हेच सांगतं, नजर नाही. शोल्डर ते पॉइंट (छातीचं सर्वात पुढं आलेलं टोक) आणि दोन पॉइंटमधलं अंतर तर घ्यायचंच.

चिकटपट्टीला माझा विरोध नाही, पण आकडे हातात असल्याशिवाय ती खोटं बोललेली कळत नाही.

---

सोलापुरी_कात्री | १२ एप्रिल, रात्री ९:५५

मास्तर, तुमच्या पद्धतीनं आजच घेतली. डोळे उघडले.

छाती पुढून १८, मागून २०. मी पुढं साडेएकोणीस धरलं होतं!
मानेपासून नाड्यापर्यंत पुढून साडेपंधरा, मागून १७.
तिरपं माप डावीकडं उजव्यापेक्षा पाऊण इंच जास्त.

म्हणजे फर्मा अक्कांचा नव्हताच, तक्त्यातल्या बाईचा होता. आमच्या कारखान्यात त्या बाईचे पुठ्ठे खिळ्याला टांगलेत, भेटली मात्र कधी नाही.

---

परदेशी पाखरू | १३ एप्रिल, पहाटे ३:१२

इकडे हा प्रकार शिवणाऱ्यांत खूप चालतो, डक्ट टेपनं स्वतःचा पुतळासुद्धा करतात. साचा लहान येण्याचं कारण नव्वद टक्के वेळा एकच: पट्टी ताणून लावणं. पूर्ण वेढा घालायचाच नाही. वीतभर, बोटभर असे छोटे तुकडे फाडून आडवे-उभे-तिरपे ठेवायचे, गुंडाळायचे नाहीत. मऊ भाग पट्टीखाली सहज दबतो, आपल्याला कळतही नाही. आणि पंखा, पाणी, बसायला स्टूल. गुडघे ताठ करून उभं राहिलं की तरुण पोरीही चक्कर येऊन पडतात.

दुसरं, कापण्याआधी साच्यावर ठरावीक खुणांमधलं अंतर मोजा आणि मास्तरांच्या मापांशी ताडा. जुळलं नाही तर तो साचा फेकून द्या, दुरुस्तीच्या नादाला लागू नका.

संगणकावरही करता येतं. व्हॅलेंटिना आणि सीमली टूडी ही फुकट मुक्त सॉफ्टवेअरं आहेत, माप बदललं की फर्मा आपोआप बदलतो. ब्लेंडरमध्ये अंगाचं त्रिमितीय मॉडेल असेल तर शिवणी आखून त्याची साल सपाट करता येते.

---

जुना मास्तर | १३ एप्रिल, सकाळी ६:२०

संगणकाला अक्कांचा बाक कोण सांगणार? पुन्हा टेपच ना?

---

परदेशी पाखरू | १३ एप्रिल, सकाळी ७:०१

ते मान्य. (पण तुम्ही रोज इतक्या पहाटे उठता कसे?)

---

शंकुच्छेद | १३ एप्रिल, दुपारी १:३०

गणित शिकवतो, शिवणातलं फक्त बटण लावता येतं. पण "तुकडे सपाट होईनात" हे वाचून राहवलं नाही.

ते होणारच नाहीत. टम्म फुगलेल्या पुरीवर कागद सुरकुती न पाडता चिकटवून बघा. गाऊस या जर्मन गणितीनं १८२७ मध्ये हे सिद्ध केलं: पृष्ठभाग न ताणता, न फाडता वाकवला तर त्याच्या अंगची एक वक्रता बदलत नाही. कागदाची ती शून्य असते. नळकांड्याची आणि शंकूचीही शून्य, म्हणून ते कागदातून बनतात. गोलाची नसते. पाठीचा बाक, छाती, खांद्याचा गोल यांची नसते.

पण शंकू बनतो ना, मग काम त्यावर भागवायचं. कागदाचा गोल कापा, मध्यापर्यंत जाणारी एक पाचर काढून टाका, कडा जुळवा. शंकू झाला. ही पाचर म्हणजेच तुमचा टक! गंमत पुढं आहे. पाचर कुठल्या दिशेनं काढली याला महत्त्व नाही, तिचा टोकाशी असलेला कोन तेवढा महत्त्वाचा. खांद्यातून काढा, बगलेतून, कमरेतून, गळ्यातून; किंवा एकाच कोनाचे दोन-तीन भाग करून वेगवेगळीकडून. शंकू तोच.

कोन म्हणतोय, इंच नाही, इकडं लक्ष द्या. २० अंशांचा टक ४ इंच लांब असेल तर त्याचं तोंड साधारण १.४ इंच, ६ इंच लांब असेल तर २.१ इंच. टक कमरेतून बगलेत हलवताना इंच तसेच ठेवले तर आकार बिघडणार.

आता तुमच्या खाचा. कडेनं मारलेली खाच सपाट करताना उघडली (मध्ये फट पडली) तर तो भाग घुमटासारखा आहे, तिथं कापड कमी करायचंय, म्हणजे टक. खाचेच्या कडा एकमेकींवर चढल्या तर तो भाग घोड्याच्या खोगिरासारखा, तिथं कापड जास्त लागणार. मान आणि खांदा मिळतात तिथं, बगलेच्या आतल्या बाजूला असं होत असणार. बरोबर?

---

सोलापुरी_कात्री | १३ एप्रिल, रात्री १०:१०

अगदी बरोबर! मानेपाशी सगळं एकावर एक चढत होतं आणि मला वाटलं मी वाकडं कापलं. सर, टक हलवायचं आम्ही पुठ्ठ्यावर करतो: टाचणी पॉइंटवर रोवायची, पुठ्ठा फिरवायचा, एक टक मिटतो, दुसरा उघडतो. का चालतं ते आज कळलं.

---

धोटा | १३ एप्रिल, रात्री ११:२५

सर, कागदाचं झालं. कापडाचं वेगळंय की ओ.

आमच्या घरात तीन पिढ्या माग, पूर्व भागात. कापड म्हणजे उभा ताणा आन् आडवा बाणा. दोन्ही सुतं ओढली तर लांब होत नाहीत, म्हणजे होतात पण नावापुरती. पण दोन्हींतला कोन बदलतो. आपली सोलापुरी चादर घ्या. काठाला काठ धरून ओढा, हलत नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा. चौकोनाचा शंकरपाळा होतो. एवढी जाड चादर पण होते, मग ब्लाऊजपीस होणार नाही का?

म्हणून कागद जिथं हट्ट करतो तिथं कापड थोडं ऐकतं, तिरपं धरलं तर जास्तच. टेलर लोक याला उरेब म्हणतात. तुमच्या फिल्मला ना ताणा ना बाणा. साचा कापायच्या आधी त्याच्यावर उभी रेघ मारून घ्या, नाहीतर तुकडा हातात आल्यावर कापडाची दिशा कोणती ते काय कळणार?

---

शंकुच्छेद | १४ एप्रिल, सकाळी ११:१५

धोटा, तुम्ही नकळत चेबिशेव्हचं व्याख्यान दिलंत. हा रशियन गणिती १८७८ मध्ये पॅरिसला एका विज्ञान परिषदेत बोलला, विषय होता कपड्यांची कापणी. त्याची सुरुवात तुमचीच: विणलेल्या कापडात धागे लांब होत नाहीत, त्यांच्यातले कोन तेवढे बदलतात. मग असं कापड वक्र पृष्ठभागावर कसं बसेल? गणितात अशा जाळ्याला आजही चेबिशेव्ह जाळं म्हणतात.

---

धोटा | १४ एप्रिल, दुपारी २:०४

आमच्या आजाला फणी भरताना कुणी पॅरिसला बोलावलं नाही :)

---

मेथीची भाजी | १४ एप्रिल, दुपारी ४:४०

फार भारी चाललंय. माझ्या गळ्याचं कुणीतरी बघा ना. खोल गळा, पुढून वाकले की फट.

---

जुना मास्तर | १५ एप्रिल, सकाळी ६:४५

मेथीताई, मूळ फर्म्यात गळा मानेपाशी असतो. गळा खोल केला की कडा छातीच्या वरच्या उतारावर येते, तिथं अंग आत गेलेलं असतं आणि कापड मात्र सरळ रेषेत पुढं जातं. म्हणून फट. अंगावर घालून गळ्याच्या कडेला फटीची चिमूट धरा, किती भरते बघा. समजा अर्धा इंच. फर्म्यावर गळ्यापासून पॉइंटपर्यंत तेवढी पाचर मिटवा, खालचा टक तेवढ्याच कोनानं उघडेल. शिवण तीच, फट गेली. वर गळ्याची उरेब पट्टी कडेपेक्षा पाव इंच आखूड घेऊन हलकी ओढून लावा.

खांदा उतरण्याचं कारण बहुतेक वेळा मागच्या गळ्याची रुंदी असते, खोली नव्हे. पुढचा आणि मागचा दोन्ही गळे रुंद आणि खोल घेतले तर खांद्याला धरायला काही उरतच नाही. एकाला माया करा, दुसऱ्याला आवरा.

कात्रीताई, तुम्ही अक्कांचा मागचा गळा उथळच ठेवा. बाक गळ्याच्या वर सुरू होतो का खाली?

---

सोलापुरी_कात्री | १५ एप्रिल, रात्री ९:३०

मानेच्या हाडाखाली चार बोटांवर सर्वात उंच. गळा साडेतीन इंच ठेवते.

काल रात्री ९ वाजता, पंख्याखाली, छोट्या छोट्या पट्ट्या ठेवत दुसरा साचा काढला. अक्का स्टुलावर, मध्ये दोनदा ताक. दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला आणि पुढं, मागं, दोन्ही बाजूंना उभ्या रेघा मारल्या, धोटाभाऊ, तुमच्यासाठी. छाती ३८ आणि वर एक सूत (इंचाचा आठवा भाग). साचा खरा निघाला!

शिवणी अंगावरच आखल्या, जिथं अंग वळतं तिथूनच. पुढं प्रिन्सेस कट, खांद्यातून पॉइंटवरून खाली. मागं खांद्यातून बाकाच्या उंचवट्यावरून खाली. बाजूची एक. असे उजवे-डावे मिळून ८ तुकडे, उजवा वेगळा आणि डावा वेगळा, कुठंही घडी घालून कापायचं नाही. आठही भाग जवळजवळ सपाट झाले. खाचा उरल्या त्या एक सुताच्या आतल्या, त्या सोडून दिल्या, इस्त्रीनं आणि उरेबीनं जिरतील. फर्म्यावर आणून सांध्यांच्या कडा मोजून जुळवल्या, खुणेच्या खाचा मारल्या. चाटी गल्लीतून दोन मीटर मांजरपाट आणलं, उद्या कच्चं शिवते.

---

पाणकोंबडी | १६ एप्रिल, सकाळी ९:२०

उशिरा आले. वरती "रेडिमेड स्ट्रेच, विषय संपला" वाचून लिहितेय. मी पोहायचे कपडे शिवते, तिथं तर सगळा खेळ स्ट्रेचचाच. तोही आपोआप बसत नाही.

कापडाची घडी घालून १० सेंटिमीटरवर खुणा करा, पट्टीवर ताणा. १५ पर्यंत आरामात गेलं तर ताण ५० टक्के. याचा अर्थ फर्मा निम्मा करायचा असं नाही! घेरात मी साधारण १० टक्के कमी करते, म्हणजे ८० सेंटिमीटर कमरेला ७२. उंचीत त्याहून कमी, नाहीतर खांदे कापतात. आडवंच ताणणारं कापड असेल तर उंची कमी करायचीच नाही. आणि स्ट्रेच बाक झाकत नाही, बाकावर जास्त ताणलं जातं आणि तिथलं अंग जास्त दिसतं. सुई बॉल पॉइंट, शिवण बारीक झिगझॅग. सरळ टिप मारली की पहिल्यांदा हात वर केला की दोरा तुटतो.

बिनस्ट्रेचच्या ब्लाऊजला बरोबर उलटा हिशोब. तिथं श्वासाला जागा लागते. अक्कांची छाती खोल श्वास घेतल्यावर किती होते, मोजलंत?

---

सरळमार्गी | १६ एप्रिल, सकाळी ९:५८

शब्द मागे. बायकोनं हा धागा वाचला आणि माझ्याकडं बघितलं.

---

सोलापुरी_कात्री | १६ एप्रिल, सकाळी १०:१५

मोजलं, सव्वा इंच जास्त. मी दीड इंच लूझिंग (मोकळीक) धरलंय.

---

सोलापुरी_कात्री | १९ एप्रिल, रात्री १०:५०

फिटिंग झालं. आणि आपटलं.

मांजरपाटाचं जाकीट अंगावर चढवलं, पाच मिनिटं असं बसलं की मी टाळीच वाजवली. मागं सुरकुती नाही, उजवा खांदा जागेवर. अक्का आरशात बघून हसल्या. चहा प्यायला खाली बसलो, आणि झोळ परत! पुढं गळ्याखाली, पहिल्यापेक्षा थोडा कमी, पण तोच. पाठीत ताण.

अर्धा तास डोकं धरून बसले. मग लक्षात आलं. अंगाला टेप लागला की माणूस ताठ होतं. अक्का दोन्ही वेळा पोट आत घेऊन, मान वर करून बसल्या होत्या, फोटो काढल्यासारख्या. आजवरच्या सगळ्या टेलरांसमोरही तशाच उभ्या राहिल्या असणार. आम्ही सगळ्यांनी ज्या बाईची मापं घेतली ती टेप बाजूला ठेवला की निघून जाते.

मास्तर, तुमचे आकडेसुद्धा त्याच ताठ बाईचे होते.

---

जुना मास्तर | २० एप्रिल, सकाळी ६:१५

खरं आहे. आमचे गुरू माप घेताना गिऱ्हाइकाला गावाकडचं पाणी-पाऊस विचारायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला गप्पांची हौस आहे. ४० वर्षांनी आज कळतंय.

मांजरपाट फेकू नका. अक्का त्यांच्या सवयीनं बसल्यात अशा वेळी त्याच्यावरच दुरुस्ती करा. मागं बाकावर आडवं कापा, फट उघडेल तेवढी उघडू द्या, खाली तुकडा टाचा. पुढं जो झोळ येतो त्याची आडवी चिमूट धरून टाचा. ते आकडे फर्म्यावर उतरवा.

---

सोलापुरी_कात्री | २२ एप्रिल, रात्री ११:१०

मास्तर, पायावर डोकं.

अक्का आता विड्या वळत नाहीत, पण सूप घरात आहे. मी म्हटलं, मला शिकवा कशा वळायच्या. सूप मांडीवर आलं, दहा मिनिटांत पाठ आपोआप तिच्या जागेवर गेली. तेंदूची पानं नव्हती म्हणून वर्तमानपत्राच्या तुकड्यांवर शिकवत होत्या, आणि मी मागून ब्लेडनं मांजरपाट कापत होते. मागची फट सात सूत उघडली. पुढची चिमूट मधोमध अर्धा इंच, बाजूला शून्यावर मिटणारी.

सगळे सात सूत घातले तर उभं राहिल्यावर मागं फुगा येईल, म्हणून पाच सूत घातले. लग्नात अक्का बसणारच जास्त. फट मागच्या प्रिन्सेसच्या शिवणीत विभागली, बाहेरून पत्ताही लागत नाही.

दुसरं मांजरपाट परवा शिवलं. चहा प्याला, वाकून फरशीवरची वाटी उचलली, जिना चढल्या. झोळ नाही!

एक प्रश्न: हुक पुढं की मागं? नात म्हणते मागं, फॅशन आहे.

---

पाणकोंबडी | २३ एप्रिल, सकाळी ८:४०

पुढंच. उजवा हात मागं जातो तरी का त्यांचा?

---

सोलापुरी_कात्री | २३ एप्रिल, रात्री ९:०५

नाही जात. पुढंच. मी विचारायलाच नको होतं.

---

परदेशी पाखरू | २४ एप्रिल, पहाटे २:५०

मूळ कापड रेशीम असेल तर अस्तर आधी पाण्यातून काढून घ्या. सुती अस्तर नंतर आटलं की इतकी सगळी सुतं वाया. आणि माया (शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड) बाजूच्या शिवणीत इंचभर तरी सोडा.

---

सोलापुरी_कात्री | १२ मे, रात्री ११:३५

लग्न झालं. दोन दिवस पाहुण्यांत गेले म्हणून उशीर.

मोरपंखी रेशीम, काठ बाहीला. अक्कांनी सकाळी ६ ला घातलेलं संध्याकाळपर्यंत अंगावर होतं. पदर खांद्यावरून एकदाही सावरला नाही, हे मी मुद्दाम बघत होते. त्यांच्या बहिणीनं, त्याही विडीवाल्याच, पाठीवरून हात फिरवून शिवण शोधली आणि मला तेलुगूत काहीतरी विचारलं. नातीनं सांगितलं, "तुमच्याकडं आणखी चिकटपट्टी आहे का, विचारतेय."

एक खोट निघालीच. अक्षता टाकायला हात वर केला की डावीकडची बाही दंडात कचते आणि अख्खं जाकीट त्या बाजूनं उचललं जातं. उजवीकडं नाही. मुंढा (बाही जोडायची गोलाई) अजून खोल करू का?

---

जुना मास्तर | १३ मे, सकाळी ६:२५

खोल अजिबात नको! सगळे इथंच चुकतात. मुंढा खाली नेला की हात वर करताना बाजूची शिवण आणखी ओढली जाते. डावा मुंढा पाव इंच वर घ्या, बगलेच्या जवळ, आणि बाहीची गोलाई तेवढीच उतरवून दंडात रुंदी वाढवा. डावा खांदा उंच आहे, तुम्ही त्याला उंची दिलीत आणि मुंढ्याचा तळ उजव्याच्याच पातळीवर ठेवलात, असं मला वाटतं. फर्मा बघा.

---

सोलापुरी_कात्री | १३ मे, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन बघितला. तळ दोन्हीकडं एकाच रेघेवर आहे. डाव्याला पाव इंच वर अशी खूण केलीय, पेन्सिलनं. रविवारी अक्कांच्या बहिणीचं माप आहे, रात्री ९ नंतर.